फुकट शिकवणाऱ्या उस्तादाची फी

दहावीचा निकाल लागला की लालबाग-परळमध्ये एक सल्ला ठरलेला असतो. पोराला टक्के बेताचे, पण गाड्यांचं वेड. मग मामा, शेजारचे काका किंवा मंडळाचा एखादा जुना कार्यकर्ता मुलाच्या बापाला गाठून सांगतो, ‘‘आयटीआयमध्ये दोन वर्षं कशाला घालवतोस त्याची? तिथं बंद पडलेल्या इंजिनावर शिकवतात. गॅरेजात टाक. उस्ताद फुकट शिकवेल, वर खर्चापाण्याला देईल. पाच वर्षांत स्वतःचं गॅरेज टाकतो की नाही बघ.’’

सल्ला देणाऱ्याच्या हेतूबद्दल शंका घ्यायचं कारण नाही. त्यानं असे दोन-चार उस्ताद पाहिलेले असतात. फियाटच्या टॅक्सीखाली आयुष्य काढून त्यांनी मुलींची लग्नं केली, गावाला घर बांधलं, डोंबिवलीला ब्लॉक घेतला. समोर असं जितंजागतं उदाहरण असलं की बाप मान डोलावतो. उदाहरणं खरी आहेत, पण त्यावरून मांडलेला हिशेब खोटा आहे. मोटार दुरुस्तीचं मुंबईतलं सगळ्यांत महागडं शिक्षण म्हणजे गॅरेजमधलं हे फुकटचं शिक्षण, असं माझं म्हणणं आहे.

आधी सल्ल्याच्या बाजूनं जेवढं बोलता येईल तेवढं बोलून घेऊ. समजा, उस्ताद पोऱ्याला पहिल्या महिन्यापासून सहा हजार देतो. कित्येक ठिकाणी एवढे मिळत नाहीत, दुपारचं जेवण आणि शनिवारी हातावर काहीतरी टेकवणं एवढ्यावरच भागवतात. पण झुकतं माप देऊ. दोन वर्षांचे झाले १,४४,०००. त्याच काळात आयटीआयला मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा ट्रेड करणाऱ्या मुलाला काय मिळतं? महाराष्ट्रात या मुलांचं विद्यावेतन चार दशकं महिन्याला ४० रुपये होतं. चाळीस! एवढ्यात आज दोन वडापाव आले तर आले. २०२३ मध्ये ते ५०० रुपये करण्यात आलं. चोवीस महिने न चुकता मिळालं तरी बारा हजार होतात, आणि फी, गणवेश, वह्या, प्रवास यांत ते कुठल्या कुठे जातात. म्हणजे दोन वर्षांच्या शेवटी गॅरेजमधला मुलगा आयटीआयवाल्यापेक्षा साधारण दीड लाखानं पुढे. ज्या घरात बापाचा पगार महिनाअखेरीला पुरत नाही, त्या घरात दीड लाख हा गमतीचा आकडा नाही. सरकारी आयटीआयची फी नाममात्र, म्हणून शिक्षण जवळजवळ मोफत, असं सरकारी पत्रकांत छापतात. पत्रक लिहिणाऱ्याला बुडालेला पगार दिसत नाही. आयटीआयची खरी फी हा बुडालेला पगारच आहे, आणि सल्ला देणाऱ्या मामाला तो बरोबर दिसलेला आहे. इथपर्यंत मामा बरोबर.

मामा हिशेब इथेच मिटवतो, आणि तिथे तो चुकतो. तिसऱ्या वर्षी आयटीआयचा मुलगा अप्रेंटिस म्हणून लागतो. २०१९ मध्ये अप्रेंटिसशिपच्या नियमांत दुरुस्ती झाली तेव्हा आयटीआय झालेल्यासाठी किमान विद्यावेतन महिना ७,००० ठरलं. म्हणजे त्या वर्षी दोघं साधारण बरोबरीनं चालतात. चौथ्या वर्षापासून दोघांच्या पगारात महिन्याला चार हजारांचा फरक पडला, तर मागे राहिलेले दीड लाख भरून निघायला तीन वर्षं आणि थोडे महिने लागतात. तेव्हा मुलगा बावीस-तेवीसचा असेल, आणि पुढे काम करायची पस्तीस वर्षं शिल्लक असतील. तेव्हा सगळं भांडण या चार हजारांवर येऊन ठेपतं. मामा म्हणतो, फरक पडत नाही, गिऱ्हाईक हात बघतं, कागद बघत नाही. आपण याच मुद्द्यावर जरा थांबू, कारण जुन्या उस्तादांची कमाई नेमकी कुठून आली हे कुणी नीट तपासतच नाही.

लालबाग, परळ, गिरगावातल्या जुन्या उस्तादाकडे दोन गोष्टी होत्या. पहिली म्हणजे जागा. चाळीच्या तळमजल्यावरचा किंवा गिरणीच्या भिंतीला लागून असलेला गाळा, पागडीचा. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्यानं १ सप्टेंबर १९४० चं भाडं प्रमाण धरलं आणि जुन्या जागांची भाडी जिथल्या तिथे थिजली. १९९९ च्या कायद्यानं वर्षाला चार टक्के वाढ दिली, तरी जुन्या भाडेकरूला संरक्षण राहिलंच. दुसरी गोष्ट म्हणजे गाडी. १९६४ मध्ये फियाट ११०० डिलाइट म्हणून आलेली गाडी १९७४ मध्ये प्रीमियर पद्मिनी झाली, पण कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडणारी गाडी पोटातून जवळजवळ तीच राहिली. तेच १,०८९ सीसीचं इंजिन, तेच टॅपेट, तोच स्टिअरिंगवरचा गिअर. विसाव्या वर्षी शिकलेलं काम साठाव्या वर्षी चालत होतं, आणि सुटे भाग घ्यायला ऑपेरा हाऊसच्या पलीकडे जावं लागत नव्हतं.

थिजलेलं भाडं आणि थिजलेलं इंजिन, यावर उस्तादाचा ब्लॉक उभा राहिला. त्याच्या हातात कसब होतं हे शंभर टक्के मान्य. चालू टॅक्सीचा नुसता आवाज ऐकून कुठल्या सिलिंडरचा प्लग मार खातोय हे सांगणारी माणसं मी पाहिलेली आहेत. पण ज्या कसबानं लालबागला पैसा केला, तेच कसब बाजारभावाचं भाडं देणाऱ्या माणसाकडे असतं तर त्याची निम्मी कमाई घरमालकाकडे गेली असती. आज लालबागला चाळीच्या जागी टॉवर उभा राहतो, तळमजल्यावर दागिन्यांची पेढी आणि बँक येते. गॅरेजवाल्याला पुनर्विकासात गाळा मिळालाच, तर सोसायटी तिथं ऑइल सांडू देत नाही. तो गाळा विकून वसई-कल्याणकडे सरकतो, नाहीतर फुटपाथवर जॅक लावून काम करतो आणि पालिकेची गाडी आली की पाने गोळा करून पळतो. पाच वर्षांत स्वतःचं गॅरेज टाकायचं म्हणता, ते कुठे टाकायचं, याचं उत्तर मामाकडे नाही.

आणि इंजिन? शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदवली गेली होती. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्यानं २०२३ च्या ऑक्टोबरअखेरीला ती रस्त्यावरून गेली. वर्तमानपत्रांतून आठवणींचे लेख आले, लोकांनी गाडीबरोबर फोटो काढले. त्या गाडीबरोबर किती माणसांची विद्या मोडीत निघाली, यावर कुणी चार ओळी लिहिल्याचं माझ्या वाचनात नाही.

त्याआधीच, १ एप्रिल २०२० पासून, बीएस-६ चे निकष लागू झाले होते आणि नव्या दुचाकींतून कार्बोरेटर हद्दपार झाला. हे गॅरेजात कसं दिसतं ते सांगतो. स्कूटर मिसिंग मारते म्हणून गिऱ्हाईक येतं. पोऱ्या सवयीनं प्लग काढतो, ब्रश मारून परत बसवतो. गाडी तशीच. मग एअर फिल्टर झटकला जातो, मग नवा प्लग, मग बॅटरी. वास्तविक इग्निशन चालू केल्यावर मीटरवरचा इंजिनाचा पिवळा दिवा काय सांगतोय ते आधी बघायचं असतं. होंडाच्या अनेक दुचाकींत हा दिवा बिघाडाचा आकडा लुकलुकून दाखवतो. लांब लुकलुक म्हणजे दहा, छोटी म्हणजे एक. एक लांब आणि दोन छोट्या आल्या तर बारा, म्हणजे इंजेक्टरच्या सर्किटमध्ये गडबड. तक्ता हाताशी असेल आणि मल्टिमीटर धरता येत असेल तर वायर तुटलीय, कनेक्टर गंजलाय की इंजेक्टरच गेलाय, हे थोड्या वेळात कळतं. हे ज्ञान फार खोल नाही. पण उस्तादाकडे ते नसेल तर तो ते पोऱ्याला देणार कुठून? तो पोऱ्याला जे त्याच्याकडे आहे तेच देतो: एकेक भाग बदलून बघायची सवय. त्या सवयीचे पैसे गिऱ्हाईक दोन-तीनदा देतं, मग कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जायला लागतं.

प्लगचंच घ्या. इंजिनाचं हेड ॲल्युमिनियमचं असतं, प्लग अंगच्या जोरावर आवळला की हेडमधले आटे जातात. टॉर्क रेंच कशासाठी असतो, किती आवळायचं, आकडा कुठे बघायचा, हे प्रशिक्षणात पहिल्या काही आठवड्यांत येतं. गॅरेजात ते एखाद्याचे आटे घालवल्यावर येतं, आणि त्या हेडचे पैसे पोऱ्याच्या पगारातून कापले जातात. ही झाली फुकट शिक्षणाची परीक्षा फी. इलेक्ट्रिक गाडीत तर चुकून शिकण्याची सोयच नाही. चारचाकीच्या बॅटरीत शेकडो व्होल्ट असतात, कुठली नारिंगी वायर कधी हातात धरायची नाही हे आधी शिकूनच बॉनेट उघडावं लागतं. आयटीआयमध्ये त्यासाठी आता इलेक्ट्रिक वाहनांच्या मेकॅनिकचा वेगळा ट्रेड सुरू झालाय.

आता मामाच्या दुसऱ्या वाक्याकडे: आयटीआयत बंद इंजिनावर शिकवतात. खरंय. कापून ठेवलेलं, रंग दिलेलं इंजिन अनेक आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये टेबलावर असतं. शिल्प निदेशकांच्या जागा वर्षानुवर्षं भरलेल्या नसतात, तासिकेवर आणलेला निदेशक तीन तुकड्या एकत्र करून शिकवतो. यावर आयटीआयची बाजू घ्यायची माझी अजिबात इच्छा नाही. यासाठी व्यवसाय शिक्षण संचालनालयाला जेवढं बोलावं तेवढं थोडं. पण कापलेल्या इंजिनावर पिस्टन वर येताना कुठला व्हॉल्व्ह उघडतो हे एकदा डोळ्यांनी पाहिलेला मुलगा पुढे कुठल्याही कंपनीचं इंजिन वाचू शकतो. गॅरेजातला मुलगा त्या गॅरेजात येणारी गाडीच शिकतो, आणि वर पद्मिनीचं काय झालं ते पाहिलंच.

कागद कुणी बघत नाही, हे तर साफ खोटं. रेल्वेच्या असिस्टंट लोको पायलटच्या भरतीत दहावीनंतर जे आयटीआय ट्रेड चालतात त्यांत मोटार मेकॅनिक आहे, डिझेल मेकॅनिकही आहे. सातव्या वेतन आयोगाच्या दुसऱ्या पातळीवर सुरुवातीचं मूळ वेतन १९,९००, वर भत्ते. लोअर परळला आणि माटुंग्याला रेल्वेचे कारखाने आहेत, परळ-लालबागच्या मुलांना ते जवळच. तिथल्या अप्रेंटिसच्या यादीत नाव लागायला आयटीआयचे गुण लागतात. एसटीच्या यांत्रिकी विभागाला हाच ट्रेड चालतो. दोन वर्षांच्या आयटीआयनंतर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो, आणि भायखळ्याच्या साबू सिद्दीक पॉलिटेक्निकमध्ये ऑटोमोबाइलचा डिप्लोमा आहे. उस्तादाच्या हाताखाली दहा वर्षं काढलेला मुलगा यांपैकी एकाही रांगेत उभा राहू शकत नाही. त्याचे हात कितीही सोन्याचे असोत, अर्जाच्या पहिल्या रकान्यातच तो बाद होतो.

एक मोठं दार मात्र बंद होत चाललंय, ते लपवण्यात अर्थ नाही. बेस्टचं दादरचं वर्कशॉप ही या भागातल्या कारागिराच्या पोराची हक्काची जागा होती: कायम नोकरी, प्रॉव्हिडंट फंड, क्वार्टर मिळालंच तर सोन्याहून पिवळं. २०१९ पासून बेस्टनं भाडेतत्त्वावरच्या बस घ्यायला सुरुवात केली. त्यांत गाडी कंत्राटदाराची, चालक कंत्राटदाराचा आणि दुरुस्तीही कंत्राटदाराची. स्वतःच्या ३,३३७ बस राखण्याचं वचन बेस्टनं कामगार संघटनेला दिलं होतं. आज त्या हजाराच्याही खाली आल्या आहेत. गाडी गेली की मेकॅनिकची कायम जागा गेली. ‘आयटीआय करून तरी कुठे नोकऱ्या आहेत,’ असं मामा म्हणतो तेव्हा त्याच्या मनात बेस्टच असते, आणि त्याचा राग योग्य आहे. फक्त तो चुकीच्या पत्त्यावर पाठवला जातोय. जागा प्रशिक्षणानं खाल्ल्या नाहीत, कंत्राटानं खाल्ल्या.

अप्रेंटिसशिपचंही तेच. कायदा १९६१ चा. शिकाऊ मुलाला कामावर शिकवायचं, त्याबदल्यात त्याला कमी पैसे द्यायचे, असा तो व्यवहार. मोठ्या शोरूमच्या सर्व्हिस सेंटरमध्ये काय चालतं? वर्षभर मुलगा गाड्या धुतो, ऑइल बदलतो, टायर खालीवर करतो. बिघाड वाचणारा स्कॅनर मात्र सीनियर टेक्निशियनच्या हातात. वर्ष संपलं की नवा अप्रेंटिस. मालकाच्या बाजूनं पाहिलं तर सात हजारांतले दीड हजारांपर्यंत सरकार भरतं, म्हणजे पूर्णवेळ राबणारा शिकलेला मुलगा त्याला साडेपाच हजारांत पडतो. एवढ्यात लालबागला पार्किंग मिळत नाही. मे २०२५ मध्ये केंद्रीय अप्रेंटिसशिप परिषदेनं ही सगळी विद्यावेतनं ३६ टक्क्यांनी वाढवण्याची शिफारस केली, तेव्हा कारखानदार-विक्रेत्यांना ‘बोजा’ आठवला. याच शहरात १८८७ मध्ये भायखळ्याला व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट उभी राहिली, कारण गिरण्यांना हुशार तंत्रज्ञ हवे होते. गिरणीमालक काही संत नव्हते. पण माणूस तयार करायला पैसा लागतो, एवढं त्यांना कळत होतं.

खाजगी संस्थांबद्दल थोडक्यात. १९६१ मध्येच मनोहर जोशींनी दादरला कोहिनूर सुरू केली आणि वायरमन, रेडिओ-टीव्ही, स्कूटर दुरुस्ती असे अभ्यासक्रम मध्यमवर्गीय मराठी मुलापुढे ठेवले; हातकामाला दादरमध्ये प्रतिष्ठा मिळवून देण्यात तिचा वाटा मोठा. आज मात्र तीन-सहा महिन्यांत ‘ऑटोमोबाइल एक्स्पर्ट’ करून देण्याच्या जाहिराती स्टेशनबाहेर हातात कोंबल्या जातात. फी काही हजारांपासून लाखापर्यंत, ‘शंभर टक्के प्लेसमेंट’. तिथं जाणाऱ्यानं एकच चौकशी करावी: प्रमाणपत्रावर कुणाची मोहोर आहे. संस्थेचीच असेल तर वर सांगितलेल्या एकाही सरकारी रांगेत ते चालणार नाही. अशा संस्थांच्या अनुभवावरून ‘शिकून काय होतं’ असा निष्कर्ष काढणारे लोक आहेत, आणि ते आयटीआयलाही त्याच तागडीत टाकतात. हे बरोबर नाही.

उस्तादाला मी शत्रू मानत नाही. तो स्वतः याच वाटेनं आलेला असतो. पोटमाळ्यावर झोपून, शिव्या खाऊन शिकलेला. आज त्याच्याकडे असणारा मुलगा बहुतेक वेळा उत्तर प्रदेश-बिहारमधून आलेला असतो, त्याच पोटमाळ्यावर झोपतो आणि घरी पैसे पाठवतो. त्याच्यापुढे आयटीआयचा पर्याय कुणी ठेवलेलाच नाही. जॅक सरकून बोट चेमटलं तर केईएमला न्यायचं आणि पट्टी बांधून परत कामाला बसवायचं, यापलीकडे त्याचा विमा नाही. अप्रेंटिसला अपघात झाला तर कायद्यानं मालक भरपाईला बांधलेला आहे. पोऱ्या तर कुठल्या वहीतच नाही. सल्ला देणारे मामा हा खर्च कधीच धरत नाहीत, कारण बोट त्यांचं नसतं.

गॅरेजात मिळणारी एक गोष्ट आयटीआयत मिळत नाही, आणि ती म्हणजे गिऱ्हाईक. गाडी घेऊन आलेल्या माणसाशी बोलायचं कसं, खर्चाचा अंदाज किती सांगायचा, उधारी कुणाला द्यायची, हे उस्तादाकडेच शिकावं. अनेक आयटीआय पाळ्यांत चालतात. सकाळची पाळी असलेला मुलगा दुपारनंतर गॅरेजात बसू शकतो. त्या तासांचे पैसे ठरवून घ्यावेत. उस्ताद भला असेल तर देईल, नसेल तर त्याच्या फुकट शिकवण्याची किंमत पहिल्याच आठवड्यात कळेल.

आईबापांना एवढंच सांगायचंय. आयटीआयचे प्रवेश निकालानंतर ऑनलाइन होतात. कुठल्या शासकीय आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिक आहे, कुठे डिझेल, कुठे इलेक्ट्रिक वाहन, किती जागा, हे व्यवसाय शिक्षण संचालनालयाच्या प्रवेशाच्या संकेतस्थळावर दिसतं. संचालनालयाचं कार्यालय महापालिका मार्गावर, सीएसएमटीपासून चालत जाण्यासारखं आहे. पहिल्या फेरीत नाव आलं नाही तर पुढच्या फेऱ्या असतात, तोवर गॅरेजचा निर्णय करू नका. आणि अप्रेंटिसशिपला शोरूममध्ये मुलाला सोडायला जाल तेव्हा मॅनेजरला विचारा की वर्षभरात स्कॅनर त्याच्या हातात कधी देणार. उत्तर टाळलं, तर तो करार करू नका.